पाणी पिणारी फरशी

आजच्या या निरोप आणि लोकार्पण सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या वाहनचालक-मालक सहकारी संस्थेचा भार इतकी वर्षं खांद्यावर वाहणारे माननीय झिंगूजी निकुरे. चंद्रपुराहून आपली नवीकोरी मोटार घेऊन आलेले आणि ती आपल्या नव्या लिफ्टवर कौतुकानं उभी करून ठेवणारे प्रमुख पाहुणे, लिफ्टचे विक्रेते माननीय प्रफुलजी. व्यासपीठावर एवढ्या उकाड्यात शाल पांघरून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, माझे स्नेही गुलाबभाऊ पचारे. त्यांच्या शेजारी, फोटोत डोकं झाकलेलं दिसावं म्हणून पदर सारखा करणाऱ्या सौभाग्यवती गुणाबाई. पहिल्या रांगेतल्या गोकुळाबाई. आजपासून या गॅरेजची सूत्रं जिच्या हाती जाणार ती आपली रंजीता. सिंदेवाहीपासून मूलपर्यंतच्या रस्त्यावर गाड्या चालवणारे सारे चालक-मालक बंधू, माता-भगिनी, आणि मागं टायरांच्या ढिगावर बसलेले माझे जुने विद्यार्थी, ज्यांना वर्गातही बाकावर बसणं कधी जमलं नाही. आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला बोलायला उभं करताना अध्यक्षांनी दोन सूचना कानात दिल्या आहेत. पहिली, "गुरुजी, थोडक्यात." आणि दुसरी, "गुरुजी, हात जोडतो, बोडी नको."

हसू नका. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, बोडी म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं छोटं तळं. पाळ घालून पाणी अडवायचं, खालच्या बांध्यांना म्हणजे धानाच्या शेतांना द्यायचं. मी या गावात नवा मास्तर म्हणून आलो तेव्हा शाळेला एकच खोली होती आणि कवितेचा तास मी बोडीच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली घेत असे. पोरं तालात डोलायची, पाण्यात कमळाची पानं डोलायची, आणि पलीकडे ढिवरांची जाळी वाळत पडलेली. कविता पुस्तकात असते हे मला तोवर ठाऊक होतं. ती पाण्याच्या काठीही असते हे मला त्या पाळीनं शिकवलं. म्हणून मी कुठंही बोलायला उभा राहिलो की ती बोडी माझ्या तोंडात येते. लग्न असो, बारसं असो, ग्रामसभा असो. लोक म्हणतात, "झालं, गुरुजींची बोडी भरली." झिंगूजी, मी सूचना पाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीन. पण आज तो साधेल असं मला वाटत नाही.

आधी सत्कारमूर्तींविषयी.

गुलाबभाऊ हा मासे धरणाऱ्या घरातला माणूस. जाळं टाकायचं सोडून त्यानं पाना हाती घेतला, तेव्हा त्याचे वडील म्हणाले होते, "मासोळी त पाण्यात रायते गा, तू ह्या तेलात काय धरशीन?" गुलाबभाऊनं तेलातच सारं आयुष्य धरलं. या भागातली एकही जीप अशी नसेल जिच्या पोटाखाली त्याची पाठ लागली नाही. काळी-पिवळी, पिकअप, दवाखान्याची गाडी, मिरवणुकीची ट्रॉली, सगळ्यांची दुखणी त्याला नुसत्या आवाजावरून कळत. नाडी बघणारे वैद्य मी पाहिले आहेत. हा तर धडधड ऐकणारा वैद्य. आणि स्वभाव? ग्राहक तावातावानं म्हणायचा, "गुलाबभाऊ, सकाळी देतो म्हनलं होतं ना गाडी?" तर हा शांतपणे, "सकाळ त रोजच होते भाऊ. कोनती ते कुठी सांगितलं होतं?"

हा असा हसरा माणूस हसेनासा कधी झाला, ते इथल्या साऱ्यांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगणं भाग आहे. निरोपाच्या दिवशी माणसाच्या आयुष्यातली मुख्य गोष्ट वगळून बाकीच्यांचं कौतुक करायचं, ही मला त्याची थट्टा वाटते.

गुलाबभाऊचा धाकटा भाऊ बिरजू. माझा विद्यार्थी. अभ्यासात यथातथा, पण कवितेला उभा केला की बाकावर बोटांनी ताल धरायचा आणि सारा वर्ग त्याच्या मागं जायचा. पुढं तो भावासोबत याच गॅरेजात लागला. तेव्हा इथं शेड होती आणि खाली माती. पावसाळ्याचे दिवस होते. एक जीप जॅकवर उचलली होती, जॅकखाली फळी, फळीखाली ही माती. बिरजू गाडीखाली निजून काम करत होता आणि गुलाबभाऊ बाहेरून त्याला हत्यारं देत होता. वर सारं ठीक दिसत होतं. फळीचा एक कोपरा मातीत गेला. जॅक कलला. पुढचं मी सांगत नाही.

गोकुळाबाई, मला माफ करा. तुमच्यासमोर हे बोलायला नको होतं. पण तुम्हीच मघाशी मान हलवून मला बोला म्हणालात.

ती जीप आपल्या अध्यक्षांची, झिंगूजींची होती. त्यांनी पुन्हा कधी जीप ठेवली नाही. आज इथं लिफ्ट बसवण्यासाठी झिंगूजी जे गावोगाव फिरले, चालकांच्या हातापाया पडले, चंद्रपूरच्या चकरा मारल्या, त्यामागं मोठेपणाची हौस नव्हती हे मी शपथेवर सांगतो. त्यांना लवकरात लवकर एक गोष्ट पुरी झालेली बघायची होती. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे बोलणार आहे ते त्यांच्या विरोधात जाईल, आणि त्यांच्या मनाविषयी कुणाचा गैरसमज होऊ नये.

बिरजू गेला तेव्हा त्याची मुलगी, ही रंजीता, माझ्या वर्गात होती. बऱ्याच दिवसांनी शाळेत आली. त्या दिवशी कविता म्हणायची पाळी तिची. मी म्हटलं, राहू दे बाळा. तिनं ऐकलं नाही. उभी राहिली, पावसाची कविता होती, सुरुवातीपासून शेवटापर्यंत न अडखळता म्हणाली. खाली बसली नाही. मला विचारलं, "गुरुजी, जमीन काऊन खचते?"

मी भाषेचा मास्तर. जमिनीवरच्या कविता मला पुष्कळ पाठ होत्या. हिला मात्र म्हटलं, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी तीच येऊन मला सांगून गेली, "गुलाबकाकाले विचारलं. म्हनते, वरून दिसत नाई पण आतनं पाणी फिरलं का खचते."

एवढं बोलून ती आपल्या जागेवर जाऊन बसली. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

पुढं ही मुलगी भद्रावतीला मामाकडे राहून मोटार मेकॅनिकचं शिकली. परत आली आणि काकाच्या गॅरेजात उभी राहिली. गावात बोलणारे बोललेच. "पोरीच्या हाताले तेल लागलं त हळद कुठी लागन?" असं एक जण म्हणाला, तर ही म्हणाली, "हळद तेलातच कालवतात ना, मामा?" पण तिच्या आईची, गोकुळाबाईंची अट होती. ती अट सारं गाव जाणतं. "माह्या पोरीनं काम करावं. खुशाल करावं. पण ते गाडीखाली निजणार नाई. माह्या घरचं एक मानूस निजलं, ते उठलं नाई. उभी राहून जे होते ते करन."

आता सांगा, उभं राहून गाडीचं पोट कसं तपासणार? शहरात जमिनीत चर खणतात, त्यात उतरून वर बघतात. गुलाबभाऊनं तोही चर खणून पाहिला. पाहुण्यांना नवल वाटेल, त्या चरात भर उन्हाळ्यातही पाणी यायचं. वरून नाही, खालून. कालव्याला पाणी सुटलं की आमच्या चरात बेडूक ओरडायचे. हे गॅरेज त्याच बुजवलेल्या बोडीच्या जागेवर उभं आहे, त्यामुळं माझ्यासारख्याला गंमत वाटे. म्हटलं, बघा, बोडी अजून जिवंत आहे. लोक म्हणाले, "गुरुजी, तुम्हाले सगळीकडं बोडीच दिसते." चर बुजवला. आणि रंजीता इतकी वर्षं फक्त बॉनेट उघडून जे काम होतं तेवढंच करत राहिली. गाडीखाली गुलाबभाऊ एकटा जायचा, आणि तो जात असताना ती जॅककडे टक लावून बसायची. मी ते पाहिलं आहे. इतक्या एकाग्रतेनं कुणी देवाकडेही बघत नसेल.

तेव्हा लिफ्ट. जमिनीत बसणारी, फरशीशी सपाट. गाडी चालवत आणायची, उभी करायची, बटण दाबायचं, गाडी वर. माणूस खाली ताठ उभा. गोकुळाबाईंची अट पुरी, रंजीताचा मार्ग मोकळा, गुलाबभाऊच्या पाठीला विश्रांती. या एका यंत्रावर तीन माणसांचं उरलेलं आयुष्य टेकलेलं आहे, असं मी म्हटलं तर ते अलंकारिक समजू नका.

पण यंत्र टेकतं ते फरशीवर. म्हणून आता फरशीकडे वळतो. झिंगूजी, तुमची चिठ्ठी मिळाली. थोडं थांबा.

या यंत्रासाठी आधी हौद खणायचा, त्याचा तळ ठोकून घट्ट करायचा, वर मुरूम, त्यावर सळयांची जाळी, मग काँक्रीट. तळ पाणसळीनं अगदी सपाट, कारण यंत्राचे पाय त्यात बोल्टांनी जखडायचे असतात. तारांसाठी नळी पुरायची, सांडपाण्याला उतार द्यायचा. हे सारं मला कामाच्या ठिकाणी खुर्ची टाकून बसल्यामुळं कळलं. निवृत्त माणसाला दुसऱ्यांचे खड्डे बघण्यासारखा विरंगुळा नाही.

भूमिपूजन झालं, नारळ फुटला तो ईशान्य कोपऱ्यात. खणायला लागले. तिन्ही बाजूंना छान मुरमाड माती. जुन्या पाळीची माती ती. आणि ईशान्य कोपऱ्यात फावडं मारताच करडं, हलकं, भुसभुशीत काहीतरी निघालं. राख. धानाच्या तुसाची राख. आपल्या गिरण्यांची भट्टी जे ओकते ती. ज्या काळात बोडी बुजवली त्या काळात गिरणीवाले ट्रॅक्टरनं हीच राख आणून टाकत आणि वर मातीचा थर देत. आता हे पाहून चिंता वाटायला हवी होती. आपल्याला आनंद झाला! कुणीतरी म्हणालं, "पूजेच्या कोपऱ्यात राख लागली, म्हंजे विभूती होय हे!" हातोहात कपाळाला लावली. ठेकेदारानं लावली, झिंगूजींनी लावली, मलाही लावली. मग थोडी उकरली, दुरमुसानं ठोकली, वर मुरूम टाकला आणि पुढं गेलो.

काँक्रीट पडलं. देखणं पडलं. दुसऱ्या दिवसापासून तराई, म्हणजे पाणी देणं. आता पाणी द्यायचं म्हटल्यावर आपल्या गावाला कोण शिकवणार? धान पिकवणारी माणसं आपण! हौदात पाणी भरलं. वरच्या फरशीवर मातीच्या इवल्या पाळी घालून चौकोन केले, जणू बांध्याच. बायका गाणी म्हणत घागरी ओतायच्या. मला पाळीवरचे दिवस आठवले आणि माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हौद कोरडा. पुन्हा भरला. पुन्हा सकाळी कोरडा. आणि मंडळी, आपण काय केलं? आपण टाळ्या पिटल्या.

"पिऊन राह्यली! कशी पिऊन राह्यली पाहा!"

"नव्या बांधीवानी पेते बाप्पा!"

"पेल तेवढी पिकन!"

चिखल केल्यावर नवी बांधी पाणी पिते, ती जितकी पिते तितकी चांगली, हे आपण लहानपणापासून बघत आलो. तोच डोळा आपण काँक्रीटला लावला. ही चूक दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसती. कोरपन्याच्या कपाशीवाल्यांनी पाणी गेलं कुठं म्हणून विचारलं असतं. आपण धानवाल्यांनी तिला आणखी पाजलं. घागरींवर घागरी. कुणाला वाईट म्हणायचं? ठेकेदार म्हणाला काँक्रीट पितंच. प्रफुलजींच्या माणसानं पाणसळ ठेवून पाहिली, तळ सपाट होता. कुणी खोटं बोललं नाही. आणि गुलाबभाऊही घागर घेऊन ओतणाऱ्यांत होता.

फक्त एकदा, सगळे जेवायला गेले असताना, गोकुळाबाई हौदाच्या काठी उभ्या राहून मला म्हणाल्या होत्या, "गुरुजी, बांधीचं पोट भरलं का ते थांबते. हे थांबून काऊन नाई राह्यली?" मी म्हटलं, तुम्ही अध्यक्षांना विचारा. त्यांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुमचा जीव पोळला हाये, म्हनून तुम्हाले भ्या वाटते." तेही खरंच होतं. त्या परत फिरल्या. भीतीची हीच अडचण असते. ज्याला ती वाटते त्याचंच म्हणणं कुणी ऐकत नाही, कारण त्याला ती वाटते.

मग यंत्र आलं, बसलं. काल रिकामं वर-खाली करून पाहिलं. लोण्यासारखं चाललं. आणि आजचा कार्यक्रम आपल्या हाती छापून आला आहे. गुलाबभाऊंचा सत्कार, माझं भाषण, त्यानंतर पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबून लोकार्पण, मोटार वर जाईल, आणि तिच्याखाली रंजीता हातात पाना घेऊन उभी राहील. फोटोसाठी.

मी आज सकाळी लवकर आलो. म्हातारपणी झोप लवकर तुटते. रंजीतानं फरशी धुऊन लिफ्टभोवती रांगोळी काढली होती. कमळांची वेल, एकसलग. सुरेख. गुलाबभाऊ तिच्यापाशी उकिडवा बसला होता. मी म्हटलं, काय बघतोस? त्यानं बोट दाखवलं. धुतलेलं पाणी सांडपाण्याच्या उताराकडे न जाता ईशान्य कोपऱ्याकडे ओघळत होतं आणि लोखंडी चौकटीच्या कडेनं आत जात होतं. शेवटचा घोट गिळल्यासारखा आवाज झाला. आणि तिथंच, कमळाच्या वेलीवर, काढली तेव्हा नसलेली एक बारीक रेघ होती. पांढऱ्या रांगोळीतून आरपार.

तेवढ्यात गाडी आली. प्रफुलजींच्या चालकानं मोटार लिफ्टवर चढवली. चाकं त्या रेघेवरून गेली. फुलांच्या माळा आल्या, रेघ झाकली गेली.

मी म्हटलं, "गुलाब, हे अध्यक्षांना सांग."

तो म्हणाला, "काय सांगू गुरुजी? मले ठावूक नाई. होऊ शकते काईच नसन. पण मले भ्या वाटून राह्यली."

"मग तेवढंच सांग."

"मी सांगितलं त म्हनतील, बुढ्याले खुर्ची सोडवत नाई. आनि काम थांबलं त गोकुळा पोरीले पुन्हा इथी उभी नाई करू देनार. ते म्हनन, दोनदा जमिनीनं सांगितलं, आता तिसऱ्यांदा नाई. पोरीचं सारं जाईन. आनि नाई सांगितलं त..." मग म्हणाला, "त्या दिवशीही वरून सारं ठीकच दिसत होतं, गुरुजी."

आणि त्यानं मला शपथ घातली की भाषणात यातलं काही काढायचं नाही.

मंडळी, मी ती शपथ आता मोडली आहे. तुमच्या सर्वांसमोर मोडली आहे.

गुलाबभाऊ, मान खाली घालू नका. मी चूक असेन तर गावाला हसायला आणखी एक विषय मिळेल, बोडीच्या जोडीला. ते मला चालेल. पण मी आयुष्यभर पोरांना कवितेचा अर्थ विचारत आलो. ओळ पाठ आहे, अर्थ कुठं आहे? माझ्या साऱ्या भाषणांत मी म्हणत आलो की बोडी गेली, बोडी गेली. आज सकाळी त्या घोटाच्या आवाजानं मला कळलं की ती गेलीच नव्हती. आपण तिच्यावर राख टाकली, माती टाकली, काँक्रीट टाकलं. पाणी आपल्या जागी बसून आहे. इतके दिवस आपण जे पाजलं ते फरशी प्यालीच नाही. ते खाली राखेत गेलं आणि राख घेऊन गेलं. खाली आता काय उरलं आहे, हे इथं कुणालाच सांगता येणार नाही. प्रफुलजी, तुमच्या यंत्रात खोट नाही. ते रिकामं उत्तम चाललं. पण मोटार चढली की ते रिकामं नसतं, आणि तिच्याखालची जागाही रिकामी राहणार नाही.

अध्यक्ष महाराज, तुमची दुसरी चिठ्ठी न वाचताच खिशात ठेवतो. माझी हात जोडून विनंती आहे, आज बटण दाबू नका. उद्याही नको. ही फरशी फोडा. तो कोपरा खणा, राख संपून बोडीचा मूळ तळ लागेपर्यंत खणा. मग दगड भरा, मुरूम ठोका, पुन्हा काँक्रीट घाला. पुन्हा पाणी भरा, आणि या वेळी ते तसंच्या तसं राहिलं तरच टाळ्या वाजवा. झिंगूजी, तुम्हाला एक गोष्ट लवकर पुरी झालेली बघायची आहे. मलाही. माझ्याजवळ तर तुमच्याहून कमी वेळ आहे. तरी मी थांबायला तयार आहे.

गोकुळाबाई, तुम्हाला एकच सांगतो. जमिनीनं दोनदा सांगितलं, खरं. पण पहिल्या वेळी आपण ऐकलं नव्हतं. या वेळी तुम्ही ऐकलंत, सगळ्यांच्या आधी ऐकलंत. तेव्हा याची शिक्षा पोरीला देऊ नका. अट तुमचीच राहू द्या. ती निजणार नाही, उभी राहील. फक्त जिथं उभं राहायचं ती जागा आधी उभी राहू द्या.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला बाई, मागं ऐकू जाऊ द्या.

त्या म्हणतात, "इतके साल थांबली, अजून थांबन. पण खड्ड्यातलं पाणी मी सोता पाहीन. रोज पाहीन."

ऐकलंत सर्वांनी? टायरावरच्यांनी ऐकलं? मग वाजवा टाळ्या. ही टाळी वाजवण्याची जागा आहे.

आता राहिला निरोप. मी निरोपाचं भाषण करायला उभा राहिलो आणि माझ्या लक्षात येतं आहे की मला तो देता येत नाही. गुलाबभाऊ, शाल काढून ठेवा, तशीही तुम्हाला ती गरम होते आहे. नारळ मात्र परत करू नका. नव्या तळाला लागेल. ज्या दिवशी त्या हौदात भरलेलं पाणी सकाळी जागेवर दिसेल, गोकुळाबाई हो म्हणतील, आणि रंजीता गाडीखाली उभी राहून वर बघेल, त्या दिवशी आम्ही तुम्हाला निरोप देऊ. तोवर तुम्ही रोज इथं यायचं आहे आणि काही न करता बाकावर बसून पोरीकडे बघायचं आहे. हे संस्थेचं काम समजा. गुणाबाई, तुमची परवानगी गृहीत धरतो. त्या हसत आहेत, म्हणजे मिळाली.

हे कोण उठलं? रंजीता, कुठं निघालीस गं?

प्रफुलजींकडे हात पुढं केला आहे तिनं. "चाबी द्या साहेब," म्हणते आहे. प्रफुलजी, द्या. कृपा करून द्या. फार जपून मागं घेईल ती. दिली. आभारी आहे, फार मोठं मन आहे आपलं. मंडळी, त्या बाजूच्या खुर्च्या जरा मागं घ्या. पोरांनो, फुलांच्या माळा बाजूला करा, चाकाखाली येतील. अध्यक्षही उठले. झिंगूजी, सावकाश. हां, तुम्ही त्या कोपऱ्यापाशी उभे राहा आणि कुणाला पाय ठेवू देऊ नका. तुमच्याइतकं ते कुणाला जमणार नाही.

इंजिन सुरू झालं. आता माझा आवाज तसाही पोचणार नाही, तेव्हा थांबतो. आपण एका म्हाताऱ्याला इतका वेळ दिलात, उकाडा सोसलात, आणि छापलेला कार्यक्रम डोळ्यांदेखत विस्कटू दिलात, याबद्दल सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात कुणाचं मन दुखलं असेल, मान राखायचा राहून गेला असेल, किंवा वेळेचं भान सुटलं असेल, तर ते माझ्या वयाच्या खाती टाका. गुलाबभाऊची शपथ मोडली त्याची माफी मात्र मी इथं मागत नाही. ती त्याच्याकडे, त्याच्या बाकावर बसून मागेन.

रंजीता, डावीकडे वळव बाळा. हां. येऊ दे. येऊ दे. पुढचं चाक अजून लिफ्टवर आहे.

आता उतरलं.